जन्नत कुणाची?

हजरत ईसांना पैगंबर मानल्याशिवाय आमचा ईमान पुरा होत नाही. पण त्यांच्यावाचून तारण नाही, हा ख्रिस्ती बांधवांचा दावा आम्हाला मान्य नाही. जन्नत फक्त यहुदी-ख्रिस्त्यांची, हे म्हणणे कुरआनने सूरह बकराच्या १११व्या आयतीत खोडले. पुढच्याच आयतीत अल्लाहला शरण जाऊन सत्कर्म करणाऱ्याला निर्भय केले. ही आयत आम्ही इतरांना ऐकवतो आणि जन्नत फक्त आमचीच म्हणतो! मग वर्गातले लेकरू विचारते, शेजारचे नेक काका जहन्नमला जाणार का? आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांची ६१ पदे शिखांनी गुरू ग्रंथसाहिबात आदराने ठेवली, पंथ विचारला नाही. आपली वाट खरी मानावी. दुसऱ्याचा निवाडा अल्लाहवर सोडावा.