अबांधवांची ओंजळ

आम्हां तंजावूरच्या मराठी घरांत शिवाजीमहाराज आणि वेंकोजीराजे दोघेही आपलेच. म्हणून १६७७ सालाविषयी आमच्याकडे वडीलधारी माणसं हातचं राखून बोलत.

त्या जुलैत महाराज कोल्लिडम नदीच्या काठी तिरुमळवाडीला उतरले आणि शहाजीराजांच्या दौलतीतला वाटा सावत्र भाऊ वेंकोजींकडे मागितला. बोलणी फिसकटली. वेंकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावुरास आले. नोव्हेंबरात वालिकंडपुरमजवळ लढाई झाली. महाराज तोवर परतीला लागले होते. त्यांच्या बाजूनं वेंकोजींसमोर होता तोही सावत्र भाऊच, संताजी. मग तह झाला.

महाराजांनी वेंकोजींना पाठवलेल्या पत्रात दुर्योधनाचा दाखला आहे. तो वाचला की मी कुरुक्षेत्रावर जातो. अर्जुनाला तिथं कोण दिसतं? आजे, गुरू, मामा, पुत्र, सासरे. त्याचा विषाद त्यांच्यासाठी, आणि श्रीकृष्णाचं उत्तरही त्या विषादालाच. त्या रानात नांगर कोणाचा चालत होता, हे कोणी विचारत नाही.

जुलै ते नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे सांबा भाताची पेरणी, लावणी, निंदणी. वेंकोजींनी कालवे आणि तळी दुरुस्त केली, पीक सुधारलं, असं त्या काळचा जेझुइट पाद्री आंद्रे फ्रेरे लिहून गेला आहे. नुकत्याच सावरलेल्या या मुलुखावर फौजा आल्या. त्यांच्या घोड्यांना वैरण कोणी घातली असेल? बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला मराठी लेख भोसले कुळाचा आहे. लावणीच्या चिखलात उभ्या असलेल्या बाईचा नाही.

अशा लढाईत जो माझा कोणी नाही, त्याचं मरण माझ्या कुळाच्या पापात धरायचं का? मी म्हणतो, धरायचं. आधार तर्पणातच आहे. पितरांची नावं-गोत्रं संपली की बांधव नसलेल्यांनाही पाणी द्यायला सांगितलं आहे. तिरुवैयारूच्या पुष्यमंडप घाटावर अमावास्येला गर्दी असते, गुरुजी तेवढा भाग भराभर उरकतात. मी तिथं हात आखडत नाही. माझे पूर्वज वेंकोजींच्या पदरी इथं आले आणि या काठच्या भातावर वाढले. ज्यांनी ते पिकवलं त्यांना परक्यांच्या ओंजळीत बसवणं मला पटत नाही. मी त्यांना पितरांतच धरतो. शास्त्राची याला हरकत असेल, तर जाणत्यांनी ती मला समोर बसवून सांगावी.