नांगर आणि पान

शेतीत हिंसा आहे काय, हा आपल्याकडील फार जुना प्रश्न होय. लोखंडी फाळाने भूमी व भूमीतील जीव दुखावले जातात, म्हणून वैश्यवृत्तीने जगण्याची वेळ आली तरी ब्राह्मणाने कृषी टाळावी, असे मनुस्मृती सांगते. धान्य टाळावे असे मात्र ती सांगत नाही! पेण-रोह्याकडच्या खाचरांत भर पावसात चिखलणी करणारा शेतकरी तेवढा दोषी, आणि त्याचा भात वरण-तुपासह जेवणारे आम्ही पांढरपेशे निर्दोष, हा न्याय आम्हांस पटत नाही.

त्या मातीत नांगरावाचूनही अखंड संहार चालू असतो. चिमूटभर मातीत कोट्यवधी जंतू असतात, व त्यांवर अमीबा नावाचे एकपेशीय जीव जगतात. यांस डोळे नाहीत, कान नाहीत, मज्जातंतूही नाहीत. मग भक्ष्य सापडते कसे? रानातील पालापाचोळ्याखाली राहणाऱ्या डिक्टिओस्टेलियम या अमीबाविषयी अमेरिकेतील जे. टी. बॉनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली याचा उलगडा केला. जंतूंपासून पाझरणारे फॉलिक आम्ल जिकडे अधिक, तिकडे हा जीव सरकतो. गर्भवती स्त्रियांस डॉक्टर जे देतात, तेच हे द्रव्य! जंतूस ते वाढीसाठी लागते. म्हणजे त्याच्या जगण्यानेच त्याचा ठावठिकाणा फुटतो.

भक्ष्य संपले, की हेच अमीबा चक्रीय एएमपी नावाचे दुसरे द्रव्य सोडून परस्परांस बोलावतात. हजारो जीव एकवटतात. त्यांपैकी सुमारे २० टक्के देठ होऊन मरतात, व त्या देठाच्या शेंड्यावर उरलेले बीजाणुरूपाने तगून राहतात. पहिल्या कृत्यास क्रौर्य म्हणावे, तर दुसऱ्यास दधीचीचा त्याग म्हणावे लागेल. आमच्या मते दोन्ही नावे अस्थानी आहेत. द्रव्याच्या मागे वळणाऱ्या त्या जीवास थांबण्याची मोकळीक नाही; आणि जेथे ती नाही तेथे पाप नाही, तसे पुण्यही नाही.

कोणी म्हणेल, सृष्टीत सर्वत्र हाच क्रम असता माणसानेच संकोच का करावा? याचे उत्तर वरील विवेचनातच आहे. माणसास अन्नाचा वास येतो, भूकही लागते. तरी तो हात आवरू शकतो. त्याची जबाबदारी या सामर्थ्यातून जन्मते.

मात्र ती जबाबदारी एकट्या नांगरधाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. अमीबाने खाल्लेल्या जंतूंतील जादा नत्र मातीत सुटते, ते रोपांची मुळे शोषून घेतात, आणि तेच पुढे आमच्या ताटात येते. जीवहानीवाचून अन्न नाही, हे एकदा मान्य केल्यावर प्रश्न उरतो तो एवढाच, की आपणांस किती पुरे आहे. शेतकऱ्याच्या फाळाखाली किती जीव मेले हे मोजण्यापूर्वी, आपण पानात किती भात टाकून उठलो, हे प्रत्येकाने पाहावे.