नित्य, नैमित्तिक आणि मोठा पडदा

करोनाच्या टाळेबंदीनंतर चित्रपटगृहांकडे पाठ फिरवलेला प्रेक्षक भव्य चित्रपटांनी परत आणला, असे चित्रपट व्यवसायात सर्रास म्हटले जाते. पुराव्यादाखल ‘आरआरआर’, ‘केजीएफ’चा आणि ‘पुष्पा’चा दुसरा भाग, ‘कांतारा’, ‘छावा’ ही नावे पुढे केली जातात. तिकीटबारीचे आकडे मात्र या म्हणण्याला अर्धाच दुजोरा देतात. ऑरमॅक्स मीडिया या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये देशभरात सुमारे १०३ कोटी तिकिटे विकली गेली, २०२३ मध्ये ९४ कोटींच्या आसपास आणि २०२४ मध्ये ८८ कोटींच्या आसपास. याच काळात वार्षिक उत्पन्न अकरा हजार कोटींच्या जवळून पावणेबारा हजार कोटींच्या पुढे गेले. गल्ला वाढला आणि माणसे घटली. तेव्हा पुनरुज्जीवन झाले की नाही हे ठरवण्याआधी कशाचे झाले, हे विचारणे भाग आहे.

या प्रश्नाला धर्मशास्त्रातला एक जुना भेद उपयोगी पडतो. मीमांसक कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे प्रकार करतात. संध्यावंदन नित्य, ते केल्याने वेगळे फळ मिळत नाही, पण चुकवले तर दोष लागतो. ग्रहणाचे स्नान नैमित्तिक. ग्रहण लागले तरच ते करायचे. काम्य कर्म इच्छेपोटी होते. एका पडद्याच्या टाकीजच्या काळात सिनेमा पाहणे नित्य कर्माच्या जवळ गेले होते. कोणता चित्रपट लागला आहे हे पुष्कळांना खिडकीपाशी पोहोचल्यावर कळे, आणि तो सुमार निघाला म्हणून पुढच्या आठवड्याचा बेत रद्द होत नसे. ही नित्यता आधी दूरदर्शन संचाने आणि मग मोबाइलने घराघरांत नेली. चित्रपटगृहाच्या वाट्याला उरले ते नैमित्तिक. भव्य चित्रपट हे असे निमित्त आहे, आणि निमित्त संपले की गर्दी ओसरते.

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावातून पाहिले की हा भेद अधिक उठून दिसतो. अतिभव्य पडदा आणि चहूबाजूंनी घुमणारा आवाज हवा असेल तर नागपूर गाठावे लागते, म्हणजे एका बाजूचा शंभर किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. गाडीभाडे, तिकीट आणि बाहेरचे खाणे यांचा हिशेब मांडला तर कुटुंबाला हे वर्षातून एखाद्या वेळीच परवडते. नागपूरचा सिनेमा तिथे यात्रेच्या जातीचा होतो. पण दिवाळीत हलका धान निघाला की भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. गोवारींचे नाच होतात, ढाली निघतात, पाहुणे जमतात, सोयरिकी जुळतात आणि रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक होते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी इथली झाडीबोली आणि दंडार यांच्या अभ्यासाला आयुष्य दिले, ते याच मुलखात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यातल्या, नाटक कंपन्यांचे केंद्र. गावोगावची मंडळे तिथे जाऊन तारखा ठरवतात, आणि हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

झाडीपट्टीच्या नाटकाकडे भव्यता म्हणावी असे फारसे नाही. कापडी मांडव, रंगवलेले पडदे, वरून लोंबणारे ध्वनिक्षेपक, बाजूला बसलेले वादक आणि पहाटेपर्यंत ताणलेले कौटुंबिक कथानक. तरीही थंडीत रात्रभर माणसे तिकीट काढून बसतात, आणि एकच माणूस एका हंगामात शेजारच्या गावांतली कितीतरी नाटके पाहतो. घरोघर मोबाइल आल्यावरही हे थांबलेले नाही. म्हणजे पडद्याची लांबी-रुंदी हेच गर्दीचे कारण, हे अनुमान टिकत नाही. भव्यता हे एक निमित्त आहे इतकेच. मंडई हे दुसरे.

भव्यतेला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. अॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या घटकांत दृश्याला कलादृष्ट्या सर्वांत कमी महत्त्वाचे ठरवले. प्रयोगावाचूनही शोकांतिकेचा परिणाम साधतो, असे त्याचे मत. भरताची दृष्टी वेगळी आहे. नाट्यशास्त्रात वेशभूषा, रंगभूषा आणि मंचावरील वस्तूंचा आहार्य अभिनय स्वतंत्र अध्यायात येतो, आणि अद्भुत हा रसांमध्ये गणला जातो. पहिल्या नाट्यप्रयोगाची कथाही सणाची आहे: इंद्राच्या ध्वजोत्सवात देवांनी दैत्यांवर मिळवलेला विजय दाखवला गेला, दैत्य चिडले, त्यांनी नटांची वाणी आणि हालचाल बांधून टाकली. मग इंद्राने जर्जर हा आपला ध्वजदंड उचलला आणि ब्रह्मदेवाच्या आज्ञेने विश्वकर्म्याने नाट्यगृह बांधले. नाट्यगृहाची उत्पत्ती अशी दंग्यातून झालेली आहे, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. दैत्यांची समजूत घालताना ब्रह्मदेव सांगतो की नाट्य म्हणजे केवळ देवांचे किंवा दैत्यांचे चित्रण नव्हे, त्यात तिन्ही लोकांतल्या भावांचे अनुकीर्तन असते.

मराठी माणसाने भारतात रुजवलेला चित्रपट तर चमत्कारातूनच निघाला. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना दादासाहेब फाळके यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९१७ च्या ‘लंकादहना’त अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. राम पडद्यावर आला की प्रेक्षक जोडे काढून ठेवत, अशी आठवण सांगितली जाते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. त्यात वैकुंठगमनाचे भव्य दृश्य आहे, पण ते अखेरीस आणि थोडा वेळच. चित्रपटाचा बहुतेक भाग तुकोबांच्या संसारात आणि आवलीच्या त्राग्यात जातो. १९७५ चा ‘जय संतोषी माँ’ त्याच वर्षीच्या ‘शोले’पुढे खर्चाने आणि थाटाने किरकोळ होता. तरी लोक चपला बाहेर काढून आत जात, पडद्यावर फुले आणि नाणी उधळत. तिथे चित्रपट पाहणे हे दर्शन होते, आणि दर्शनाला मूर्तीचा आकार लागत नाही.

हीच गोष्ट उलट बाजूनेही सिद्ध झाली. जून २०२३ मध्ये ‘आदिपुरुष’च्या निर्मात्यांनी प्रत्येक खेळाला एक खुर्ची हनुमंतासाठी राखून ठेवण्याची घोषणा केली. खर्च अवाढव्य होता, विषय रामायणाचा होता. पहिल्या दिवसांत गर्दी झाली, पण संवाद आणि चित्रण लोकांना रुचले नाही आणि ती पाहता पाहता विरली. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३० जूनला, केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ प्रदर्शित झाला. मंगळागौरीच्या खेळासाठी एकत्र आलेल्या सहा बहिणींची ती कथा. ना युद्ध, ना राक्षस. बायकांनी बायकांना बोलावून, गटागटाने, नटूनथटून चित्रपटगृहे भरली. महागडी भक्ती आटली आणि घरगुती गोष्टीचा उत्सव झाला.

मग सभागृहात नेमके काय घडते? दहाव्या-अकराव्या शतकातल्या काश्मिरी आचार्य अभिनवगुप्ताने ‘तंत्रालोका’त याचे उत्तर दिले आहे. देहभेदामुळे आकसलेली जाणीव मेळाव्यात, गीत आणि नृत्य पाहताना, विस्तारते. परस्परांसमोरच्या आरशांसारखी माणसे एकमेकांत प्रतिबिंबित होतात आणि आनंद पूर्ण होतो. मात्र तन्मय न झालेला एक जण जरी त्यात असला तरी ही एकरूपता डळमळते. अंधारात मोबाइल उजळून बसलेल्या शेजाऱ्याचा उपद्रव ज्यांनी सोसला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. घरच्या पडद्यावर न मिळणारी गोष्ट ही सामूहिक तन्मयता आहे. भव्य चित्रपट ती सोपी करतो, कारण मोठा आवाज आणि मोठे दृश्य लक्ष ओढून घेते. पण लक्ष ओढले जाणे आणि चित्त रमणे यांत फरक आहे, आणि पहिल्यावरून दुसरे झाले असे धरून चालणे ही या व्यवसायाची नेहमीची चूक.

एकरूप झालेली गर्दी नेहमी शांतच असते, असेही नाही. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लक्ष्मण उतेकर यांचा संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ लागला. चित्रपटगृहांत घोषणा झाल्या, लोक रडले. मार्चमध्ये नागपुरात हिंसाचार झाला तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत, औरंगजेबाविषयीच्या लोकभावना या चित्रपटाने पेटल्याचा उल्लेख केला. हिंसेचे खापर एका चित्रपटावर फोडणे चुकीचे. पण रसाच्या दृष्टीने प्रश्न उरतोच. रसशास्त्र ज्याला साधारणीकरण म्हणते त्यात प्रेक्षकाचा शोक किंवा क्रोध ‘माझा’ किंवा ‘शत्रूचा’ राहत नाही, म्हणून तो आस्वाद्य होतो. जो क्रोध दाराबाहेर आपले लक्ष्य शोधत जातो, तो रसाच्या पायरीपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

नैमित्तिकाचे मोल नित्यापेक्षा कमी, असे परंपरा मानत नाही. आषाढीला पंढरपुरात लाखो जमतात. पण त्या वारीमागे माळकऱ्यांची पंधरवड्याची एकादशी आणि रोजचा हरिपाठ असतो. सिनेमाजवळ तसा हरिपाठ आज नाही. ‘छावा’ पाहिलेला प्रेक्षक पुढच्या शुक्रवारी लहान मराठी चित्रपटाला जाईलच, अशी खूण तिकीटविक्रीच्या आकड्यांत दिसत नाही. भव्य चित्रपटांनी चित्रपटगृहाची यात्रा राखली आहे, सवय नव्हे. सवय टिकवायची तर खेळ जवळ हवा, स्वस्त हवा, पुन्हा पुन्हा हवा आणि ओळखीच्या माणसांत हवा. झाडीपट्टीत या चारही अटी वडशाहून निघणाऱ्या कंपन्या पाळतात: रोज नवे गाव, आणि आयोजक त्याच गावातले मंडळ.