‘मी’ कशावर उभा आहे?

विश्वाचे अधिष्ठान कोठे शोधावे, या प्रश्नाला जर्मन तत्त्वज्ञानाने अठराव्या शतकाच्या अखेरीस धाडसी उत्तर दिले: ते जाणणाऱ्यापासून शोधावे. १७८१ साली इमॅन्युएल कांट याचा ‘शुद्ध बुद्धीची मीमांसा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काल, अवकाश व कार्यकारणभाव ह्या आपल्या जाणण्याच्याच रीती असून, विखुरलेल्या जाणिवा एका ‘मी’च्या सूत्रात ओवल्या गेल्या तरच अनुभव संभवतो, असे त्याने प्रतिपादिले.

हे वाचून आपणांपैकी पुष्कळांस आत्म्याचे स्मरण होईल. लोकमान्यांनीही ‘गीतारहस्या’त (१९१५) कांटचा परामर्श घेतला आहेच. परंतु येथे घाई करू नये. कांटचा ‘मी’ हे केवळ सूत्र आहे, मणी नव्हे. त्यावरून अविनाशी असे एखादे द्रव्य सिद्ध करू पाहणे हा तर्कदोष होय, असे तो स्पष्ट बजावतो. आत्म्याचे अमरत्व त्याने ज्ञानाच्या प्रांतातून काढून नीतीच्या प्रांतात, श्रद्धेचा विषय म्हणून ठेविले.

हा संयम पुढे टिकला नाही. येना येथे १७९४ साली फिश्टेने मांडिले की, ‘मी’ स्वतःच स्वतःस स्थापितो आणि त्याहून भिन्न ते सर्व त्याच्याच कृतीने त्याच्यासमोर उभे राहते. हा ‘मी’ म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. शिवाय फिश्टेचा हेतू मानवी स्वातंत्र्यास अढळ आधार देण्याचा होता, हेही सांगितले पाहिजे. तरीही याकोबीने १७९९ च्या खुल्या पत्रात ह्या मतास ‘निहिलिझम’, म्हणजे काहीच उरू न देणारा वाद, म्हटले. सर्व ‘मी’तूनच निघत असेल, तर ज्याला खरोखर ‘तू’ म्हणावे असा कोण उरला? शेजारी नाही, ईश्वरही नाही. त्याच वर्षी निरीश्वरवादाच्या आरोपावरून फिश्टेस येनाचे अध्यापकपद सोडावे लागले.

आम्हांस अधिक मार्मिक वाटतो तो कवी होल्डरलिनचा आक्षेप. येना येथे त्याने फिश्टेची व्याख्याने ऐकिली होती. त्याचे १७९५ च्या सुमाराचे त्रोटक टिपण छापले गेले ते थेट १९६१ साली! स्वतःस ‘मी’ म्हणताच जाणणारा आणि जाणला जाणारा असे दोन होतात. मग ज्यात भेद आहे ते मूळ कसे? भेदापूर्वीची काही सत्ता असलीच पाहिजे. ‘मी’ तिच्यावर उभा आहे. तिचा धनी नाही.

मात्र ती सत्ता जाणू जावे तर पुन्हा भेद उत्पन्न होतो, ही अडचण राहतेच. होल्डरलिनचा ट्यूबिंगेन येथील सहाध्यायी हेगेल याने १८०७ साली भेदासच सत्तेच्या पोटी घेऊन ती सोडवू पाहिली. ती सुटली, असे आम्हांस वाटत नाही.