मुक्या जिवाचं देणं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तमहाराजांची तसबीर आपल्याकडे घरोघरी असते. मागे गाय, पायाशी चार कुत्रे. गाय म्हणजे पृथ्वी आणि कुत्रे म्हणजे चार वेद, हा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो बरोबरच आहे. पण तसबिरीत महाराजांनी मुक्या जिवांना जवळ घेतलंय, हेही डोळ्यांना दिसतंच ना! म्हणून दत्तजयंतीच्या निमित्ताने एक साधा प्रश्न दत्तभक्तांपुढे ठेवतो. घरातलं पाळलेलं जनावर गेलं तर दुःख करावं, की तो मोह समजून मन आवरावं?

मोह म्हणणाऱ्यांना आधार आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात. त्यांत अजगर, भ्रमर, हत्ती, हरीण, मासा, कोळी असे कितीतरी मुके जीव आहेत. आठवा गुरू कपोत, म्हणजे कबुतर. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं सापडली, त्यांच्यामागे मादी गेली, आणि ते बघून नरानेही जाळ्यात उडी घेतली. पाचव्या स्कंधातला भरतराजा तर राज्य सोडून तप करायला गेला आणि हरणाच्या पाडसात इतका गुंतला की पुढचा जन्म हरणाचा आला.

पण महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर काय करतो? इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला मागे सोड म्हणतो. युधिष्ठिर नकार देतो. इंद्र विचारतो, भाऊ आणि बायको सोडलीस, मग कुत्रा का सोडवत नाही? युधिष्ठिराचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. तो म्हणतो, ते जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. मेल्यावर त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं. हा मात्र जिवंत आहे आणि माझ्या आसऱ्याला आला आहे.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की हिशेब जुळतो. कपोताचं प्रेम चुकलं नाही. जाळं तुटणार नव्हतं, तिथे उडी घेणं चुकलं. श्वास आहे तोवर सोडायचं नाही, आणि श्वास थांबला की त्याच्यामागे स्वतःला लोटायचं नाही. डोळ्यांतून पाणी आलं तर त्याला कुठल्याही पोथीची हरकत नाही.

आमचा मोती तेरा वर्षं होता. शेवटचे आठ महिने दिसत नव्हतं, मागचे पाय गेले होते. सकाळ-संध्याकाळ आम्ही नवरा-बायको त्याला पोत्यावर घालून खळ्यात न्यायचो. गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला. परसात रातांब्याखाली खोल खड्डा काढून, मीठ घालून पुरलं, वर जांभ्याचे दोन चिरे ठेवले. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “कुत्र्याचं कसलं हो सुतक?” खरंय, आपल्यात जनावराचं सुतक धरत नाहीत. पण पुढचे कितीतरी दिवस हिच्या हातून तांदळाची एक भाकरी जास्त थापली जायची, त्याला काय म्हणायचं?

पुण्याहून नातवाने फोनवर विचारलं, “आजोबा, मोती कुठे आहे?” पळून गेला म्हणून सांगा, असं घरात एकाने सुचवलं. मी खरं तेच सांगितलं. पळून गेला म्हटलं तर मोतीने आपल्याला सोडलं असं पोराला वाटणार, आणि मोतीने तेवढं कधी केलं नाही. पोर रडलं, मग त्याने मोतीचं चित्र काढलं.

कुत्रा दहा-पंधरा वर्षं जगतो, हे पिल्लू आणतानाच ठाऊक असतं. मुदत माहीत असलेली ठेव आहे ती. मुदत संपली म्हणून बँकेशी कोणी भांडत नाही. मला दुःख याहून वेगळ्या गोष्टीचं होतं. आपल्या लांज्यात महामार्गावर रात्री गुरं बसलेली दिसतात. दूध आटलं, औताला चालेना, की दावं सोडलं. म्हातारा कुत्रा बाजारात सोडून येणारेही आहेत. तसबिरीला हार घालायचा आणि दारातला वेद हायवेवर सोडायचा, हे कसं जमतं?

आपल्या मागच्यांनी असं केलं नाही. ज्या रेड्यामुखी ज्ञानेश्वर माउलींनी वेद बोलवले असं आपण मानतो, त्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे इथे आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची दगडी मूर्ती आहे. वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं असं सांगतात.

आपल्याला समाधी बांधायची गरज नाही. वैश्वदेवात कुत्रा, कावळा, किडामुंगी यांच्यासाठी अन्न बाजूला काढायची रीत होती, तेवढी पाळली तरी पुष्कळ. नवं पिल्लू आणायची घाई नको. गेलेल्याची जागा भरायला आणलेलं पिल्लू बिचारं सारखं तोलून बघितलं जातं. आमच्याकडची ती जास्तीची भाकरी आता एस.टी. स्टँडवरच्या एका कुत्रीला जाते. तिला चार पिल्लं आहेत. मोतीचं दुःख गेलं असं नाही. पण त्याला रोजचं एक काम मिळालं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!