रनिंग कंडिशन

सेकंड-हँड मशिनच्या धंद्यात ‘रनिंग कंडिशन’ या दोन शब्दांच्या आडोशाला वाट्टेल ते लपतं. बटण दाबलं, चक फिरला, की जाहिरात खरी. मग बेड चकाजवळ घासून खोलगट झालेला असो, क्रॉस-स्लाइडचं हँडल पाव फेरा फुकट फिरत असो, की गिअर बदलताना हेडस्टॉक खडखडत असो. मशीन चालतंय ना? मग खोटं कुठे बोललो?

बंगळूरमध्ये यशवंतपूरला तुमकूर रोडच्या आतल्या अंगाला आमची शेड आहे. बंद पडलेल्या किंवा सीएनसी घेतलेल्या वर्कशॉपांतून जुने लेथ, ड्रिलिंग, शेपर उचलायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. माल मिळायला ही जागा चांगली. 1953 साली स्थापन झालेल्या एचएमटीचा कारखाना शेजारी जालहळ्ळीत होता, आणि पीण्यात तर गल्लोगल्ली लेथ. मशिनचं सगळं हे बघतात, ऑनलाइन जाहिराती माझ्याकडे. मी धारवाडला संस्कृत घेऊन एम.ए. केलं, त्याचा सासरी कुणाला काही उपयोग दिसला नव्हता. जाहिराती लिहायला लागल्यावर मात्र स्मृतिग्रंथ पुन्हा खाली काढावे लागले.

सध्या शेडमध्ये एक सहा फुटी लेथ उभा आहे. काम चोख करतो. पण तासभर चालवला की हेडस्टॉक तापतं आणि आत कुठेतरी घरघर सुरू होते. शिवाय त्याचा एक पाय कधीतरी तुटून वेल्ड झालाय. आधीच्या मालकाने वरून रंग मारला, त्यामुळे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. ह्यांचं म्हणणं असं, “खोटं लिहू नकोस. पण आपण होऊन कशाला सांगायचं? विचारलं तर सांगू.”

हे मत उडवून लावण्यासारखं नाही, त्याच्यामागे मोठी माणसं आहेत. मनूने व्यापाराला ‘सत्यानृत’ म्हटलं, म्हणजे थोडं खोटं त्यात धरलेलंच. रोमचा सिसेरो इसवी सनपूर्व 44 मध्ये मुलासाठी कर्तव्यावर पुस्तक लिहितो, त्यात हाच तंटा आहे. एकाला रोगट घर विकायचंय, घराचे दोष फक्त त्यालाच ठाऊक. डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, त्याने घ्या म्हणून जबरदस्ती केली नाही, घराची स्तुतीसुद्धा केली नाही. लोक साध्या घरावर ‘उत्तम बांधणीचा बंगला’ अशी पाटी लावतात, त्यांना कुणी लबाड म्हणत नाही. मग गप्प बसणाऱ्याला का म्हणावं? ‘रोगट घर विकणे आहे’ अशी दवंडी कुणी पिटतं का? त्याचाच शिष्य अँटिपाटर उलट बाजू घेतो. वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवणं अथेन्समध्ये शापाला पात्र होतं, आणि हे तर त्याहून वाईट, कारण इथे माणसाला जाणूनबुजून चुकीच्या वाटेला लावलं जातं. सिसेरो शिष्याच्या बाजूला जातो. मला मात्र पाटीची गंमत वाटते. दोन हजार वर्षांपूर्वीही ‘एक्सलंट कंडिशन’ होतीच.

आपला 1872 चा करार कायदा बराचसा डायोजेनिसचा. कलम 17 सांगतं, नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नव्हे. खाली घोड्याची उदाहरणं दिली आहेत. लिलावात दोषी घोडा विकला, काही बोललो नाही, फसवणूक नाही. तोच घोडा नुकत्याच सज्ञान झालेल्या आपल्या मुलीला विकला तर मात्र सांगावंच लागेल. आणि पुढचं उदाहरण तर मला पाठच झालंय. घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन. विकणारा गप्प. इथे गप्प बसणं बोलण्यासारखंच आहे.

मला हे आठवलं बेळगावच्या उद्यमबागमधून फोन आला तेव्हा. दुसऱ्याच एका मशिनसाठी होता. गृहस्थ मराठीत म्हणाले, “वहिनी, मी काय तिथवर येऊ शकत नाही. फोटो बघितले. तुम्ही काय वाईट लिहिलं नाही, म्हणजे चांगलंच असणार. लॉरीत घाला.” अगदी कायद्याच्या पुस्तकातला घोडा.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. ऑनलाइन जाहिरात वाचणारा प्रत्येक जण हेच म्हणत असतो, तोंडाने म्हणो वा न म्हणो. इथल्याच कांदा-बटाट्याच्या यार्डात बघा. व्यापारी गोणीत कोपरापर्यंत हात घालतो, तळातला कांदा वर काढतो, दाबतो, हुंगतो, मग भाव बोलतो. तिथे शेतकरी गप्प राहिला तर राहू दे, घेणाऱ्याचा हात बोलतोय. आमच्या जाहिरातीत तो हात नाही. त्याचे डोळे म्हणजे मी काढलेले फोटो, त्याचे कान म्हणजे माझा व्हिडिओ. पारखायचं काम त्याच्याकडून माझ्याकडे आलंय, आणि कोन निवडून फोटो काढणारी बाई गप्प होती असं म्हणता येत नाही. टेलस्टॉकच्या बाजूने फोटो घेतला की चकाजवळचा घासलेला बेड दिसतच नाही. काही जण तर मशिनच्या व्हिडिओवर सिनेमाचं गाणं लावतात. केवढं सोयीचं! गिअरचा आवाज गेला कुठल्या कुठे.

नारदस्मृतीला हे कळलं होतं. नारद आधी म्हणतो, घेणाऱ्याने गुणदोष स्वतः पारखावेत. पण लगेच त्यासाठी मुदत बांधून देतो. दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात, धान्याला दहा. गाय बाजाराच्या दिवशी कशीही चांगली दाखवता येते, तिसऱ्या दिवशी कळते. माझा लेथ दुसऱ्या तासाला कळतो, आणि शेडवर येणारं गिऱ्हाईक अर्धा तास थांबून चहा पिऊन जातं. निर्दोष दाखवून सदोष देणाऱ्याला नारद दंड सांगतोच. वापरलेल्या मालाचा भावही काढून देतो. कापड एकदा धुतलं की किंमत आठव्या भागाने कमी, दोनदा धुतलं की चौथाईने, तीनदा धुतलं की तिसऱ्या भागाने, चौथ्यांदा निम्मी. धुऊन स्वच्छ केलं म्हणून किंमत वाढत नाही, घटते! आमच्याकडे डबाभर रंग मारला की वाढते. मळकं, विरलेलं कापड तसं दिसत असताना घेतलं तर मात्र परत करता येत नाही, हेही तो सांगतो. दोष दाखवून विकणाऱ्याला केवढं संरक्षण आहे हे.

म्हणून लेथच्या जाहिरातीत तिसऱ्या ओळीत लिहिलं, ‘तासाभरानंतर हेडस्टॉक गरम होऊन आवाज येतो, बेअरिंग बघावी लागतील. पुढचा उजवा पाय वेल्ड केलेला.’ फोटोत वेल्डवर बोट ठेवलं. व्हिडिओ बिनगाण्याचा, सगळ्या स्पीडवर. दोष तिसऱ्याच ओळीत का? शेवटी टाकला तर कुणी वाचत नाही, आणि वीस किरकोळ ओरखड्यांच्या यादीत घुसवला तर तोही लपवण्याचाच प्रकार. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली आहे. पण ढिगाखाली दडवली तर काय, हे विकणाऱ्यानेच ठरवायचं.

खरी जाहिरात जास्त चालते असं सांगणारे भेटतात. आमच्याकडे सरसकट तसं होत नाही. दोष लिहिला की फोन कमी येतात, आणि येतात ते दोषावरच बोट ठेवून भाव पाडतात. ह्यांची चिडचिड मला समजते. माल पोचल्यावरची भांडणं कमी होतात, हे खरं. पण त्या भांडणांच्या भीतीने खरं लिहायचं म्हणजे, समोरचा लांबचा आणि भांडायला न येणारा असला की खोटं चालेल.

महाभारताच्या शांतिपर्वात जटांत पक्ष्यांनी घरटं करेपर्यंत तप केलेला जाजली धर्म शिकायला जातो तो काशीच्या एका वाण्याकडे, तुलाधाराकडे. हा तुलाधार दुसऱ्याकडून माल घेऊन पुढे विकणारा, म्हणजे आमच्याच जातकुळीचा. त्याची थोरवी काय, तर तराजू सगळ्यांना सारखा. हे वाचल्यापासून मी ‘भाव फोनवर’ लिहिणं बंद केलं. भाव फोनवर म्हणजे आवाज ऐकून भाव. इंग्रजी बोलणाऱ्याला एक, गावाकडून आलेल्याला दुसरा. आता आकडा जाहिरातीतच असतो. हे म्हणतात, घासाघीस करायची मजा गेली. गेली खरी.

एका ठिकाणी मात्र मी डायोजेनिसच्या बाजूची आहे. लोक विचारतात, मशीन का काढलं? हा लेथ ज्यांचा, त्यांचं वर्कशॉप बुडालंय, बँकेचा तगादा आहे, आणि कुणाला सांगू नका म्हणून त्यांनी ह्यांना विनवलंय. अँटिपाटर म्हणाला असता, ठाऊक आहे ना, मग सांग. पण मशिनात जे आहे ते घेणाऱ्याचं, माणसाच्या घरात जे आहे ते नाही. ते कळलं तर गिऱ्हाईक आवाज आणि वेल्ड सोडून त्यांच्या अडचणीचाच भाव करेल. म्हणून कारण लिहिलेलं नाही. ‘जागेअभावी’ असलं काही घालून टाक, असं हे सुचवत होते, तेही घातलं नाही. काल कोइमतूरहून एकाने फोनवर विचारलंच. म्हटलं, कारण मालकांचं आहे, मी सांगणार नाही, मशिनचं काय हवं ते विचारा. त्याने विचारलं, बेअरिंगचा नंबर काय? मिस्त्रीला हेडस्टॉक उघडायला सांगितलंय.