औषध देवाला वाहावे काय?

गतवर्षी श्रावणातील एका सोमवारी सिल्वासा येथील कारखान्यात काम करणारा एक तरुण देवळात आला आणि गोळ्यांचे पाकीट देवापुढे ठेवून म्हणाला, "आता सारा भार देवावर." तीर्थरूप परगावी असल्याने पूजा आमच्याकडे होती. आम्ही ते पाकीट ठेवून घेतले, त्यास अंगारा लावला आणि त्याच्या निष्ठेचे मनोमन कौतुकही केले. चौथ्या दिवशी त्यास झटक्यामागून झटके आले. मध्ये शुद्ध अशी आलीच नाही. घरच्यांनी वेळीच विनोबा भावे रुग्णालय गाठले म्हणून तो वाचला.

दोन वर्षांपूर्वी वापीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून त्याच्या डोक्यास मार बसला होता. जखम भरली, तो कामावर रुजू झाला, आणि सव्वा वर्षाने पहिला झटका आला. एवढ्या अंतरामुळे अपघाताची आठवण कोणास झाली नाही. कोणी बाधा म्हणाले, कोणी पूर्वकर्म! वास्तविक मेंदूची जखम भरली तरी तेथे व्रण राहतो, आणि त्याच्या आसपासच्या पेशी महिन्यांनी, कधी वर्षांनीही, एकाएकी अनावर होतात. अपघातानंतर पहिल्या आठवड्यात दिलेले औषध त्या दिवसांतील झटके आवरते. पुढचा अपस्मार त्याने टळत नाही. तो जडल्यावर रोजची गोळी पुष्कळांचे झटके थांबविते, परंतु व्रण पुसीत नाही. म्हणून ती एकाएकी सोडणे जिवावर बेतते. दोनएक वर्षे झटक्यावाचून गेल्यास डॉक्टर ती हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. चरकसंहितेतही अपस्मारावर निदानाचा व चिकित्सेचा असे दोन स्वतंत्र अध्याय आहेत. देव मानणाऱ्या त्या पूर्वजांना औषधाची लाज वाटली नव्हती.

तीर्थरूप परतल्यावर आम्ही सारे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "दान आपल्या मालकीचे द्यावे. ती गोळी त्याच्या म्हाताऱ्या आईची होती, बायकोची होती." आम्हांस मात्र दुसरेच बोचत राहिले. श्रद्धेचा निर्णय आम्ही सहज दिला, आणि त्याची परीक्षा झाली दुसऱ्याच्या देहावर. अंगारा लावताना आमचे काहीच पणाला लागले नव्हते.

तो तरुण अजूनही सोमवारी येतो. "गोळी घेतलीस ना?" असे विचारून मगच तीर्थरूप त्याच्या हातावर तीर्थ घालतात. आमच्याने अद्याप ते विचारवत नाही.